जर्मनीचा पीआर म्हणजे अख्खा युरोप नव्हे

‘जर्मनीचा पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) हातात पडला की युरोपात कुठेही नोकरी करा’ असं कुणी म्हणत असेल, तर ते अर्धंच खरं. फिरायला मुभा आहे, इतर शेंगेन देशांत (आपसात सीमातपासणी काढून टाकलेले युरोपीय देश) 180 दिवसांत 90 दिवस. पण नोकरी? साध्या राष्ट्रीय पीआरवर ॲमस्टरडॅमला कामाला लागता येत नाही, तिथला परवाना वेगळा काढावाच लागतो.

‘डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू’ हे दुसरं कार्डही असतं, म्हणजे युरोपियन युनियनच्या (ईयू) नियमांखालचा कायम वास्तव्याचा परवाना. 5 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतं आणि त्याच्या आधारे दुसऱ्या सदस्य देशात (डेन्मार्क, आयर्लंड सोडून) राहण्या-कामाचा परवाना मागता येतो. अर्जाची कटकट आहेच म्हणा! आईवडिलांसाठी भारतात लांब मुक्काम पडणाऱ्यांना तर हेच बरं: राष्ट्रीय पीआर 6 महिने जर्मनीबाहेर राहिलं की सहसा बाद होतो, या ईयू कार्डाला युनियनबाहेर 12 महिने चालतात.