चिंबोरी मोठी असूनही आतून पोकळ का निघते?

प्रश्न
बाजारातून आणलेली चिंबोरी (खेकडा) चांगली थोराड असली, तरी फोडल्यावर कधी कधी आत मांसाऐवजी पाणीच निघते. तिने नुकतीच कात टाकली असणार, असे कोळीणमावशी सांगतात. कात टाकण्याचा आणि मांसाचा संबंध काय? शिंपल्यांच्या बाबतीत असे का होत नाही?

प्रतिसाद १
मावशींचे म्हणणे बरोबर आहे. खेकड्याचे कवच कायटिन, प्रथिने आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचे असते व एकदा कडक झाले की ते वाढत नाही. त्यामुळे जुन्या कवचाखाली आधी मऊ, सुरकुतलेले नवे कवच तयार होते, डेंग्यांतले, म्हणजे पुढच्या नांग्यांतले, स्नायू रोडावतात (एवढा जाड डेंगा अरुंद सांध्यातून ओढून काढायचा असतो) आणि मग पाठीचे कवच मागच्या बाजूने उघडून खेकडा मागे सरकत बाहेर पडतो. कल्ल्यांवरचे पातळ आवरण, इतकेच काय जठराचे अस्तरसुद्धा जुन्या कवचाबरोबर सुटून येते. बाहेर पडताच तो भरपूर पाणी शोषून फुगतो आणि त्या मापावर नवे कवच कडक होते. वाढत्या अंगाचे कपडे शिवावेत तसा हा प्रकार आहे. मांस त्या कवचात नंतर हळूहळू भरते. आपल्याला मिळालेली चिंबोरी या मधल्या काळात पकडलेली असणार.

प्रतिसाद २
शिंपल्याला कात टाकावी लागत नाही, कारण त्याच्या अंगावरचा प्रावार नावाचा पडदा कवचाच्या कडेला सतत नवा थर देत राहतो. पिल्लूपणीचे कवच बिजागरीपाशी तसेच राहते आणि वाढीच्या रेषा बाहेरून दिसतात. कासवाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे कवच बरगड्या व पाठीचे मणके मिळूनच बनलेले असल्याने ते सोडून कासव बाहेर येऊ शकत नाही, व्यंगचित्रांत काहीही दाखवोत.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग अमावास्येला चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे कितपत खरे मानावे?

प्रतिसाद १
निवड करताना तरी तिथीवर विसंबू नये. एकाच दिवशी पकडलेल्या चिंबोऱ्यांत भरलेल्या आणि पोकळ अशा दोन्ही निघतात. चिंबोरी उलटी धरून पायांच्या मुळाशी, पोटाकडच्या कवचावर अंगठ्याने दाबून पाहावे. कवच दबले तर ती घेऊ नये. डेंगे मात्र आधी बांधून घ्यावेत.