टॅनरीचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र): जिवाणू टाकूनही क्रोमियम उतरत नाही

गाळटाकी: क्रोम टॅनिंग (क्रोमियमने कातडी कमावण्याचं) युनिट, रोज ५० हजार लिटर सांडपाणी. भिजवणी, लाइमिंग (चुना-सल्फाइडने केस काढणं) यांचं पाणी आणि क्रोम लिकर (टॅनिंगनंतर उरलेलं क्रोमचं पाणी) एकाच टाकीत जमतं, तिथून थेट एरेशनला (हवा सोडून जिवाणू वाढवायच्या टाकीत). दर आठवड्याला जिवाणूंची कल्चर पावडर टाकतो. ३० मिनिटांच्या सिलिंडर चाचणीत गाळ बसत नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण क्रोमियम ६ मिलिग्रॅम प्रति लिटर. विक्रेता ‘क्रोमियम खाणारे’ जिवाणू सुचवतोय. घ्यावेत का?

निर्मळधारा: नका घेऊ. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे, ते कुणालाच खाऊन संपवता येत नाही. बॅसिलस, स्यूडोमोनास यांच्या काही जाती विषारी क्रोम-६ चं क्रोम-३ करतात, पण टॅनिंगच्या बेसिक क्रोमियम सल्फेटमध्ये क्रोमियम मुळातच क्रोम-३ असतं. म्हणजे या जिवाणूंना तिथे कामच नाही.

क्रोम लिकर वेगळं धरा. मॅग्नेशियम ऑक्साइड (मॅग्नेशिया) घालून हळूहळू ढवळत पीएच ८.५ पर्यंत न्या आणि रात्रभर निवळू द्या. त्याऐवजी चुना घातला तर गाळ फुगतो, शिवाय जिप्सम तयार होतं. कॉस्टिक सोडा जास्त पडला तर बसलेलं क्रोमियम परत विरघळतं. मॅग्नेशियावाला गाळ घट्ट बसतो. तो सल्फ्युरिक आम्लात विरघळवून टॅनिंगला पुन्हा वापरता येतो. एकूण क्रोमियमची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे, ती इथेच गाठायची.

लाइमिंगचं पाणी पिकलच्या (टॅनिंगआधी कातडी आम्ल-मिठात ठेवण्याच्या) आम्लधर्मी पाण्यात कधीही मिसळू नका! हायड्रोजन सल्फाइड सुटतो, टाकीत उतरलेला माणूस दगावतो. लाइमिंगच्या पाण्यात आधी थोडं मँगनीज सल्फेट घालून हवा सोडा. सल्फाइड संपेपर्यंत पीएच १० च्या खाली येऊ देऊ नका.

सूक्ष्मजीवी: गाळ न बसण्यामागे मला मिठाची शंका जास्त येते. भिजवणीचं खारं पाणी एकदम आलं की पेशींवर ताण येतो, फ्लॉक (जिवाणूंचे पुंजके) फुटतात, पाणी गढूळतं. कातडी भिजवण्याआधी मीठ झाडून घ्या, आणि ते पाणी समतोल टाकीतून सारख्या प्रमाणात सोडा.

पावडरपेक्षा चालू टॅनरी सीईटीपीतला (अनेक कारखान्यांच्या सामायिक संयंत्रातला) जिवंत गाळ आणा, तो मिठाला सरावलेला असतो. सुरुवात २० टक्के भाराने, मग गाळ नीट बसत असेल तरच दर ३-४ दिवसांनी १० टक्के वाढ. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) ३५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास, विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅम.

युरिया, डीएपी ही नायट्रोजन देणारी खतं बंद करा. कातडीच्या प्रथिनांतून नायट्रोजन भरपूर येतो, कमी पडतो तो फॉस्फरस. एरेशनला येणारं बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) १००० मिलिग्रॅम प्रति लिटर धरलं तर रोज ५० किलो बीओडी, त्याला अर्धा किलो फॉस्फरस, म्हणजे ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल सुमारे १.९ किलो.

गाळटाकी: डीएपी चालूच होतं, थांबवतो. वाळलेला गाळ शेतात किंवा भट्टीत चालेल?

निर्मळधारा: दोन्ही नाही. हवेत जाळला तर क्रोम-३ चं क्रोम-६ होतं, हीच सर्वांत धोक्याची पायरी. क्रोमचा गाळ अधिकृत घातक कचरा केंद्रातच पाठवा.