खरेदीचा आकडा चौपट, तरी भाव खाली का?

खोलपाणी:
डेप्थमध्ये (भावागणिक थांबलेल्या ऑर्डरींची यादी) एकूण खरेदी ४,८०,००० आणि एकूण विक्री १,२०,००० दिसते, तरी भाव घसरतोच आहे. मग हे आकडे वाचायचे कसे? आणि १,००० शेअर खरेदीची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच सौदा) टाकली तर सरासरी भाव काय पडेल, हे आधी कळतं का?

टिकटिक:
एकूण आकडा बघूच नका. चालू भावापासून पार लांब पडलेल्या लिमिट ऑर्डरीही (ठरवलेल्या भावासाठी थांबलेल्या) त्यात मोजलेल्या असतात. विकणारे मार्केट ऑर्डरने बिड (खरेदीदारांनी लावलेले भाव) खात सुटले, की खाली कितीही खरेदी रचलेली असो, भाव पायऱ्या उतरतो.

सरासरी भाव मात्र सरळ हिशेबाने निघतो. समजा बिड १००.०० ला ९०० शेअर. आस्क (विकणाऱ्यांनी मागितलेले भाव) १००.०५ ला ३००, १००.१० ला ५००, १००.१५ ला ९००. तुमचे १,००० असे भरतील: ३०० + ५०० + २००. एकूण रक्कम १,००,०९५, म्हणजे सरासरी १००.०९५. स्क्रीनवर १००.०५ दिसत होतं, त्यापेक्षा शेअरमागे ०.०४५ जास्त. ऑर्डर पोहोचेपर्यंत पुस्तक (हीच ऑर्डरींची यादी) बदललं तर याहून वाईटही पडेल, म्हणून मार्केटऐवजी १००.१० ची लिमिट लावावी. मग ८०० भरतील आणि उरलेले २०० तुमच्याच नावाने बिडमध्ये थांबतील.

रांगेतला:
वरच्याच आकड्यांवर पहिल्या पायरीचा (सर्वात जवळच्या बिड-आस्कचा) असमतोल काढा: (९०० − ३००) ÷ १,२०० = ०.५. खरेदीचं पारडं जड. पण हा अंदाज पुढच्या एखाद-दोन टिकपुरताच (टिक म्हणजे भावाचा सर्वात छोटा टप्पा), दिवसभराची दिशा त्यातून शोधू नये.

त्यातही दोन फसवे प्रकार आहेत. आइसबर्ग ऑर्डरचं फक्त टोक दिसतं. तेवढं भरलं की त्याच भावाला पुन्हा माल उभा राहतो. स्पूफिंगमध्ये उलट: मोठी ऑर्डर दिसते, भाव जवळ आला की गायब होते (अनेक देशांत हा गुन्हा आहे). म्हणून डेप्थ एकटी वाचू नका, शेजारी सौद्यांची यादी ठेवा. बिडवरचे ९०० संपले आणि तेवढेच सौदे छापले गेले, तर ती खरी विक्री. सौदे न होताच ९०० गेले, तर ऑर्डर काढून घेतल्या.

खोलपाणी:
धन्यवाद. फीड (बाजाराकडून सतत येणारे बदलांचे संदेश) साठवून पुस्तक स्वतः बांधतोय, पण मधूनच बिड आस्कच्या वर जातं, जे व्हायला नको.

टिकटिक:
बहुतेक वेळा मधला एखादा संदेश हरवलेला असतो. आधी बदलांचे संदेश नुसते साठवायला लागा, मग पूर्ण स्नॅपशॉट (त्या क्षणाचं अख्खं पुस्तक) घ्या. स्नॅपशॉटच्या क्रमांकापर्यंतचे संदेश फेका, पुढचे क्रमाने लावा. क्रमांकात खंड पडला की डागडुजी करत बसू नका, पुस्तक पुसून पुन्हा सुरुवात.

संदेशातली संख्या त्या पायरीची नवी एकूण आहे की फक्त फरक, हे फीडच्या माहितीपत्रकात तपासा. घोळ इथेच जास्त होतो. एकूण असेल तर ० म्हणजे ती पायरी काढून टाकायची. भाव दशांशात न ठेवता टिकच्या पूर्णांकात ठेवा, नाहीतर एकाच भावाच्या दोन पायऱ्या तयार होतात.

रांगेतला:
आणि बाजार उघडण्याआधीच्या लिलाव सत्रात बिड आस्कच्या वर दिसणं चूक नव्हे. तेव्हा ऑर्डरी नुसत्या गोळा होतात, जुळणी शेवटी एकाच भावाला होते. तेवढी वेळ तपासणीतून वगळा.