मदत हवी आहे : अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये एमजीएमटी मेथिलेशन कसं मोजावं?

नमस्कार मंडळी, मी गुवाहाटीत पीएचडी करतेय, विषय अन्ननलिकेचा स्क्वॅमस सेल कॅन्सर. आसामात तो खूप दिसतो, तंबाखू आणि तामूल म्हणजे कच्ची सुपारी इथे सर्रास खातात, आणि बरेच पेशंट घास अडकायला लागल्यावरच येतात, तोवर उशीर झालेला असतो, म्हणून लवकर कळेल असा मार्कर मिळावा असं मनापासून वाटतं.

एमजीएमटी जीनचं प्रोटीन डीएनएतल्या ग्वानिनला (जी) चिकटलेला अल्किल ग्रुप काढून टाकतं, तंबाखूतल्या नायट्रोसामाइनमुळे होणारं असं नुकसान त्यानेच दुरुस्त होतं. प्रमोटरवर, म्हणजे जीन चालू-बंद करणाऱ्या भागावर, मेथिलेशन झालं (मिथाइल ग्रुप चिकटले) की जीन बंद पडतो आणि जी च्या जागी ए अशी म्युटेशन साठत जातात.

आता अडचण. सँपल सगळे पॅराफिन ब्लॉकमधले (मेणात जपलेली टिश्यू), त्यातला डीएनए आधीच तुटका, वर मेथिलेशन ओळखण्यासाठीच्या बायसल्फाइट ट्रीटमेंटमध्ये अजून तुटतो. मेथिलेशन स्पेसिफिक पीसीआर केलं तर नुसतं हो की नाही एवढंच कळतं, आणि ट्यूमरशेजारच्या नॉर्मल दिसणाऱ्या टिश्यूतही फिकट बँड येतोय. हा फील्ड इफेक्ट (ट्यूमरभोवतीच्या टिश्यूतही आधीच झालेला बदल) मानायचा की कंटॅमिनेशन, कसं ठरवता?

पायरोसिक्वेन्सिंगने मेथिलेशनची टक्केवारी मिळते, पण ब्लॉकमधल्या डीएनएवर कुणी केलंय का, अँप्लिकॉन (पीसीआरने वाढवलेला तुकडा) किती छोटा ठेवलात? कंट्रोल म्हणून कॅन्सर नसलेल्यांची एंडोस्कोपी बायोप्सी घ्यावीच लागेल का? आणि एमएलएच१ (डीएनए दुरुस्तीचाच दुसरा जीन) सोबत घ्यावा की आधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने प्रोटीन आहे का तेवढंच बघावं? प्लीज कुणी अनुभव असेल तर सविस्तर लिहा.