शेवंडीचे कृत्रिम प्रजनन खानदेशातील शेततळ्यात शक्य आहे का?

प्रश्न: अमळनेरचा शेतकरी

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यात कापूस आणि मका घेतो. माझ्याकडे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोलीचे, प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आहे आणि गेली दोन वर्षे मी त्यात रोहू-कटला सोडत आलो आहे. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी आमच्या गावात बैठक घेतली. त्यांच्या सांगण्यानुसार शेवंडीचे, म्हणजे लॉबस्टरचे, कृत्रिम प्रजनन आता सोपे झाले आहे. मादीच्या डोळ्याचा देठ कापला की ती हवी तेव्हा अंडी घालते, त्यातून निघालेली पिल्ले गोड्या पाण्याची सवय लावून विकली जातात आणि तयार माल तेच लेखी कराराने परत विकत घेतात. बीजाची निम्मी रक्कम आगाऊ भरायची आहे. त्यांनी दाखवलेल्या चित्रफितीत निळसर रंगाचे, मोठ्या नांग्यांचे प्राणी होते आणि काहींच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला लाल पट्टा होता.

हे प्रजनन नेमके कसे करतात आणि आपल्याकडे ते शक्य आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. गावातील सात-आठ जण पैसे भरण्याच्या तयारीत आहेत, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

उत्तर: तापीकाठ

भाऊ, पैसे भरू नका आणि इतरांनाही थांबवा. कारण तुमच्या वर्णनातच आहे. काटेरी शेवंडीला नांग्या नसतात. तिला लांब, जाड, काट्यांनी भरलेल्या मिशा असतात आणि मादीच्या शेवटच्या पायांच्या टोकाला एक बारीक चिमटा असतो, पण खेकड्यासारखी नांगी तिला नाही. निळसर अंग आणि नराच्या नांगीवर लाल पट्टा ही उत्तर ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनीतील क्रेफिश या गोड्या पाण्यातील, शेवंडीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याची खूण आहे. त्याच्या अंड्यांतून थेट छोटे क्रेफिशच बाहेर पडतात, म्हणून त्याचे बीज कोणीही टाकीत सहज तयार करू शकतो. तो परदेशी प्राणी असून शासनाच्या परवानगीशिवाय तळ्यात सोडणे बेकायदा ठरेल, आणि पुरात तो नाल्यातून तापीत गेला तर परत काढता येणार नाही. थाई मांगूर या परदेशी माशाच्या बाबतीत आपण हे एकदा भोगलेले आहे.

आता प्रजननाविषयी. मी मूळचा रावेरचा. प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यावर नऊ वर्षे कोकण किनाऱ्यावर कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्रात, काम केले आणि त्या काळात शेवंडीच्या गाभोळीच्या माद्याही टाकीत सांभाळल्या.

डोळ्याचा देठ कापण्याची पद्धत खरी आहे, पण ती मुख्यतः वाघ कोळंबीसारख्या जातींसाठी वापरली जाते. कोळंबी, खेकडे, शेवंडी यांच्या डोळ्यांच्या देठात एक ग्रंथी असते आणि तिचा स्राव अंडाशयाची वाढ व कात टाकणे या दोन्ही गोष्टी रोखून धरतो. एका बाजूचा देठ काढला की हा लगाम सैल होतो आणि बंदिस्त टाकीत एरवी न पिकणारी वाघ कोळंबीची मादी काही दिवसांत अंड्यावर येते. शेवंडीवर आपल्याकडे मद्रासला झालेले प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत देठ काढल्यावर शेवंड लवकर कात टाकते व वेगाने वाढते असे दिसले. मात्र अंड्यांसाठी शेवंडीला इजा करण्याची गरजच पडत नाही. स्वच्छ खारे पाणी, लपायला जागा आणि शिनाण्यांचे, म्हणजे समुद्री शिंपल्यांचे, ताजे मांस मिळाले की ती टाकीत आपण होऊन जुळते, आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा अंडी धरते.

ते जुळणे पाहण्यासारखे असते. नर मादीच्या छातीवर वीर्याचा चिकट लगदा चिकटवतो आणि तो हळूहळू घट्ट होतो. अंडी बाहेर येताना मादी शेवटच्या पायांच्या त्या बारीक चिमट्यांनी तो लगदा खरवडते, वीर्य मोकळे होते आणि फलित अंडी तिच्या शेपटीखालील केसाळ पायांना द्राक्षांच्या घडासारखी लटकतात. मोठ्या मादीकडे ही संख्या काही लाखांवर जाते. सुरुवातीला केशरी दिसणारी अंडी तपकिरी होत जातात, मग प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पिल्ले सुटतात. इथपर्यंतचे काम कोणताही मेहनती माणूस करू शकतो.

खरी अडचण यानंतर सुरू होते. शेवंडीच्या पिल्लाला फायलोसोमा म्हणतात आणि या ग्रीक नावाचा अर्थ पानासारखे शरीर असा आहे. आमच्याकडे पहिल्यांदा पिल्ले सुटली त्या पहाटे मी टाकीच्या कडेला बॅटरी धरली, तेव्हा पाण्यातील सगळी धूळच जणू उजेडाकडे सरकत आली. एक थेंब काचेच्या वाडग्यात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दीड मिलिमीटरची पारदर्शक चकती, तिला कोळ्यासारखे लांब पाय, आणि आतील आतडे हलताना दिसत होते. ते पाय इतके नाजूक असतात की दोन पिल्ले एकमेकांत अडकली तरी पाय तुटतात, आणि तुटलेल्या जागी जिवाणू बसतात. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक जीवाची पिल्ले आणि बारीक चिरलेले शिनाण्यांचे मांस देऊनही आमची सगळी पिल्ले सतराव्या दिवशी संपली. समुद्रात मात्र हीच पिल्ले अनेक महिने प्रवाहाबरोबर वाहतात, त्यांतली काही जेलीफिशवर बसून प्रवास करतात व तिलाच खातात, एकामागून एक काती टाकतात आणि शेवटी प्युरुलस नावाच्या काचेसारख्या छोट्या शेवंडीत बदलतात. हा प्युरुलस काहीही खात नाही, साठवलेल्या चरबीवर पोहत किनारा गाठतो.

हे सगळे टाकीत पहिल्यांदा पूर्ण करून दाखवले ते जपानच्या जिरो किट्टाका यांनी. दक्षिण आफ्रिकेकडील थंड पाण्याच्या जातीवरचे त्यांचे हे काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या पिल्लांना प्युरुलस होण्यास सुमारे १० महिने लागले. पुढच्याच वर्षी जपानी जातीतही यश आले. उष्ण पाण्यातील रंगीत शेवंडीला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो, म्हणून ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाने तिच्यावर दीर्घकाळ काम केले. पिल्ले तळाला बसू नयेत म्हणून गोलाकार तळाच्या, सतत मंद फिरत्या पाण्याच्या टाक्या आणि ओझोनने निर्जंतुक केलेले समुद्राचे पाणी, अशी ती व्यवस्था असते. भारतात काटेरी शेवंडीचे बीज विकणारी व्यावसायिक हॅचरी नाही. व्हिएतनामात समुद्रातील पिंजऱ्यांत शेवंड मोठ्या प्रमाणावर वाढवतात, पण तिथेही बीज समुद्रातूनच पकडलेले असते. आडातच नाही तर तुमच्या त्या गृहस्थांच्या पोहऱ्यात कोठून येणार?

उत्तर: अमळनेरचा शेतकरी

तापीकाठ दादा, आपण इतके मनापासून लिहिले याबद्दल आभार. नांगीची खूण मी आज सकाळीच गावातल्या मंडळींना दाखवली. आमच्यातील एकाने असे विचारले की, शेवंडीचे बीज उद्या समुद्रातून आणले आणि तळ्यातील पाण्यात मीठ घातले, तर ती वाढणार नाही का?

उत्तर: धुळ्याची विहीर

याला जोडून माझाही प्रश्न. आमच्या बोअरचे पाणी इतके मचूळ आहे की पिकाला देता येत नाही. ते शेवंडीला चालेल का?

उत्तर: तापीकाठ

मिठाचा हिशेब करून पाहू. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला दीडास एक असा उतार धरला तर तळ २१ बाय २१ मीटर राहतो आणि पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एका तळ्याला सुमारे ६९ टन क्षार लागतील. ते नुसते खाण्याचे मीठ असून चालत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे प्रमाण समुद्राइतके असावे लागते. आणि अस्तर एकदा फाटले की ते पाणी शेजारच्या काळ्या रानात उतरेल. चोपण झालेल्या जमिनीत कापूस कसा येतो हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

मचूळ बोअरच्या बाबतीतही हेच आहे. जमिनीखालील खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी असते, आणि त्याविना कोळंबीवर्गीय प्राण्यांना कात टाकल्यावर सावरता येत नाही. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र आहे, तिथे अशा पाण्यात पोटॅशियम घालून व्हेनामी कोळंबी वाढवण्याचे तंत्र बसवले गेले. ती कोळंबी कमी क्षारात तग धरते, शेवंड धरत नाही. पाणी आधी तपासून घ्या आणि शेवंडीचा विचार सोडा.

समुद्रातून बीज उपसण्याचेही मला पटत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर चपट्या शेवंडीची (ही काटेरी शेवंडीहून वेगळी, लांब मिशा नसलेली) मासेमारी १९९४ पर्यंत कोलमडली, कारण गाभोळीच्या माद्या आणि लहान शेवंडी ट्रॉलच्या जाळ्यात येतच राहिल्या. २००३ पासून निर्यातीसाठी किमान वजनाची अट आहे, आपल्या किनाऱ्यावरील चिखली शेवंडीसाठी (ही काटेरी शेवंडीचीच एक जात) ती ३०० ग्रॅम आहे. वर सांगितलेल्या चपट्या शेवंडीचे फायलोसोमा मात्र ४ अवस्थांत, साधारण महिनाभरात तयार होते आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते टाकीत वाढवूनही दाखवले आहे. भारतात शेवंडीच्या हॅचरीची आशा मला तिथे जास्त वाटते, पण तीही किनाऱ्यावरच.

उत्तर: चोपड्याचे शेततळे

अमळनेरच्या भाऊंनी शेवंड सोडून गोड्या पाण्यातील जंबो झिंग्याचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो. त्याचे कृत्रिम प्रजनन खरोखर हातात आलेले आहे. मादी गोड्या पाण्यात अंडी धरते, पण पिल्ले निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. हॅचरीत साधारण दर हजारी १२ भाग क्षाराचे पाणी ठेवतात, आर्टेमिया व अंड्याचे कस्टर्ड भरवतात आणि महिनाभरात ११ अवस्था ओलांडून बीज तयार होते. मग ते हळूहळू गोड्या पाण्यावर आणून विकतात. म्हणजे बीज किनाऱ्याचे आणि वाढ आपल्या तळ्यात, हे शक्य आहे.

मी तीन हंगाम घेतले. पहिला पूर्ण गेला आणि चूक माझीच होती. ऑगस्टमध्ये कपाशीवर बोंडअळीची फवारणी करून आमच्या माणसाने पंप तळ्याच्या काठावर धुतला, आणि मी शेजारी उभा असूनही त्याला थांबवले नाही. रोहूला काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झिंगे मात्र काठाला पांढरे पडून आडवे होते, हात लावला तर मिशासुद्धा हलत नव्हती. अळीला मारणारे औषध झिंग्यालाही मारते, कारण दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या, संघातले आहेत. तेव्हापासून कापसाच्या बाजूला बांध उंच केला आहे आणि पंप विहिरीपासून लांब, गोठ्यामागे धुतला जातो.

दुसरी अडचण थंडीची आहे. पाणी २६ ते ३१ अंश असेपर्यंत झिंगा खातो, त्याखाली त्याची भूक मंदावते, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा १० अंशांखालीही जातो. म्हणून जुलैत थोडे वाढलेले बीज सोडून नोव्हेंबरअखेर तळे मोकळे करावे. तुमच्या तळ्यात सुमारे २००० नग पुरेत. अस्तराच्या तळ्यात लपायला जागा नसते आणि कात टाकलेल्या मऊ झिंग्याला बाकीचे खाऊन टाकतात. मी ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या जुड्या बांधून, दगड लावून तळाशी सोडल्या आहेत. जाळे ओढण्यापूर्वी त्या बाहेर काढाव्या लागतात, एवढाच त्रास.

उत्तर: अमळनेरचा शेतकरी

गावात काल पुन्हा बसलो होतो. दोघांनी आगाऊ रक्कम आधीच दिलेली निघाली, ती परत मागण्यासाठी आम्ही सगळे मिळून जाणार आहोत. चोपड्याचे आप्पा, बीज आणताना रस्त्यात मरू नये म्हणून काय करावे, तेवढे सांगावे.

उत्तर: चोपड्याचे शेततळे

गाडी संध्याकाळी निघेल असे पाहा, म्हणजे रात्रीच्या गारव्यात घाट पार होतो. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत लपायला जाळीचा तुकडा घालायला सांगा. तळ्यावर आल्यावर पिशव्या अर्धा तास न उघडता पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घाला, आणि बीज स्वतः बाहेर पोहून जाईपर्यंत पिशवी आडवी धरून थांबा. येण्याआधी दोन दिवस मला कळवा, मी तळ्यावर येऊन जातो.