'मेरा साया' तोंडपाठ आहे, मग 'पाठलाग' बघण्यात मजा राहील का?

रात्रपाळी
लोकहो, एक विचारायचंय. आमच्या घरी 'मेरा साया' इतक्या वेळा लागलाय की कोर्टात साधना आता काय बोलणार ते मला आधीच माहिती असतं. परवा आई म्हणाली की तो मुळात आपल्या मराठी 'पाठलाग'वरून घेतलाय, १९६४ चा, राजा परांजप्यांचा. मला त्यातलं फक्त 'या डोळ्यांची दोन पाखरे' माहिती, आणि ते सिनेमातलं आहे हेही मला माहिती नव्हतं, मी आपलं भावगीत म्हणूनच ऐकत आले. तर सस्पेन्स आधीच कळलेला असताना बघण्यासारखं काही उरतं का, की हिंदी बघितला म्हणजे झालं? खरं काय ते सांगा.

माजघर
बघच बघ. आणि शक्यतो रात्री, दिवे घालवून, कारण पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे आणि त्यातला अंधार खरा अंधार वाटतो.

मी पहिल्यांदा दूरदर्शनवर बघितला, आजीच्या शेजारी बसून. तिने तो थेटरात बघितलेला, म्हणजे शेवट तिला माहिती होता, पण एक शब्द फुटू दिला नाही. कोर्टाचा सीन आला आणि मी त्या बाईकडे डोळे लावून बसलो, ही खरं बोलतेय का खोटं. आजी दूध उतू जाईल म्हणून उठली आणि जाता जाता म्हणाली, "तिच्याकडे काय बघतोस, त्याच्या तोंडाकडे बघ." तेवढ्या एका वाक्याने माझा पिक्चर बदलला. बायको डोळ्यांदेखत गेलीय, तिला अग्नी दिलाय, आणि आता पोलिसांनी पकडलेली एक बाई तिच्याच तोंडाने म्हणतेय की मी तुमची बायको, आणि दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नाहीत अशा गोष्टी एकेक करून सांगत सुटलीय. तो नवरा ते ऐकतोय. काशिनाथ घाणेकर म्हटलं की लोकांना नाटकांतला गर्जणारा संभाजी नाहीतर लाल्या आठवतो, इथे त्यांना आवाज दाबून धरायचाय आणि तो दाबलेला आवाजच जास्त लागतो. ती खोटी ठरली तर बायको कायमची गेली आणि खरी ठरली तर मग जाळलं कुणाला? हा पेच शेवट माहिती असला तरी सुटत नाही, उलट दुसऱ्यांदा बघताना जास्त छळतो. नायिका भावना, तिचा डबल रोल पण फार चांगला आहे, साधनाच्या नावाखाली बिचारीचं नाव पार विसरलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरी घंटा
माजघर यांच्याशी बरंचसं सहमत, पण थोडं वेगळं मत मांडतो. 'मेरा साया'ला कमी लेखू नका. त्याचे दिग्दर्शक राज खोसला, त्यांचा 'वो कौन थी' पण १९६४ चाच, म्हणजे साधनाला घेऊन गूढपट करण्यात त्यांचा हात आधीच बसलेला होता, आणि १९६६ ला 'मेरा साया' आला तेव्हा रंग, उदयपूर, मदन मोहन असं सगळंच भरभरून होतं. मराठीत तपासाचा भाग आजच्या नजरेने ढिला वाटतो, मधे थोडा रेंगाळतो पण. पण एका बाबतीत मराठी सरळ पुढे आहे, ते म्हणजे गाणं. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज. पहिल्यांदा ऐकताना बायकोचं प्रेम वाटतं, की माझे डोळे सतत तुमच्याभोवती फिरत राहतील. ती गेल्यावर तेच शब्द आठवा. अंगावर काटा येतो, कारण पाठलाग हा शब्द गदिमांनी प्रेमाच्या गाण्यातच पेरून ठेवलाय.

कंदील
एक भर घालते. मूळ कादंबरी जयंत देवकुळे यांची, नाव 'आशा परत येते'. म्हणजे कुणीतरी परत येणार हे कादंबरीने नावातच सांगून टाकलंय, तरी लोक शेवटपर्यंत वाचत होतेच ना? त्यामुळे सस्पेन्स कळला की सगळं संपलं हे मला पटत नाही. हिंदीच्या आधी १९६५ ला तमिळमध्ये पण 'इदय कमलम' नावाने झाला होता. १९६४ चा मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार 'पाठलाग'ला मिळालाय, आणि आज आमच्या ऑफिसात दहा जणांना विचारलं तर एकालाही नाव माहिती नव्हतं, हे मला खरंच लागलं.

'पाठलाग' आवडला तर 'हा खेळ सावल्यांचा' पण लावा, १९७६ चा, वसंत जोगळेकरांचा, घाणेकर आणि आशा काळे. त्यात भीती कोर्टात नाही, घरातच आहे. आशा काळे म्हणजे सोशिक सून असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांनी तर बघावाच.

रात्रपाळी
काल रात्री बघितला!! प्रिंट खराब होती, दोन ठिकाणी आवाज गेला, पण उठवलं नाही. आजींचं ऐकून कोर्टात फक्त नवऱ्याकडे बघत बसले. ती एकेक गोष्ट सांगते तसा तो आधी चिडतो, मग चिडायचा थांबतो, आणि तो थांबतो तिथे माझ्या पोटात गोळा आला. शेवट माहिती होता तरी. 'मेरा साया' बघताना मी कायम ती कोण आहे एवढंच बघत होते, याचं काय होत असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं.

सकाळी आईला सांगितलं तर पोळ्या लाटता लाटता तिने अख्खं गाणं म्हणून दाखवलं, एक शब्द चुकला नाही.

'हा खेळ सावल्यांचा' शनिवारी. त्याबद्दल आता कुणी काही लिहू नका, त्यातलं मला 'गोमू संगतीनं'पलीकडे खरंच काही माहिती नाहीये.