तर्कुतंतू खरोखर आकुंचन पावतात का?

जिज्ञासा:
सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन पेशी होतात. त्यातील पश्चावस्थेत, म्हणजे जुळी गुणसूत्रे वेगळी होण्याच्या टप्प्यात, त्यांना जोडलेले तर्कुतंतू हे धागे आकुंचन पावतात आणि गुणसूत्रे ध्रुवांकडे, म्हणजे पेशीच्या दोन विरुद्ध टोकांकडे, ओढली जातात, असे आम्हाला शिकवले गेले. परंतु स्नायू आकुंचन पावला की जाड होतो. तर्कुतंतू आखूड होताना जाड झालेले मला कोणत्याही चित्रात दिसले नाहीत. मग ही ओढ येते कुठून? आणि आता ओढायला हरकत नाही, हे पेशीला कसे कळते?

पेशीअभ्यासक:
आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ‘आकुंचन’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. तर्कुतंतू म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका असून त्या टोकांशी घटक जोडले गेल्याने वाढतात आणि सुटल्याने आखूड होतात. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चमकणाऱ्या ट्युब्युलिनने उजळलेल्या तंतूंवर लेसरने एक फिकट पट्टा उमटवला, तेव्हा पट्टा जवळजवळ जागेवरच राहिला आणि गुणसूत्र त्याच्याकडे सरकत आले. याचाच अर्थ असा, की तंतू गुणसूत्राकडच्या टोकाला सुटत जातो आणि गुणसूत्रावरील कायनेटोकोअर हा प्रथिनसमूह त्या सुटत्या टोकाला धरून ठेवतो. सुटताना नलिकेच्या भिंतीतील उभ्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळतात आणि नलिका रचली जाताना साठलेला ताण त्या वेळी मोकळा होतो. ओढीचा मोठा भाग तेथूनच मिळतो. हा वेग अनेक पेशींमध्ये मिनिटाला साधारण 1 मायक्रोमीटर इतकाच असतो.

सूक्ष्मदर्शी:
यात थोडी भर घालतो. अनेक पेशींमध्ये नलिका ध्रुवाकडच्या टोकालाही सुटत असतात, त्यामुळे सगळे श्रेय एकाच टोकाला देता येणार नाही.

पेशीला कसे कळते, या प्रश्नासाठी मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जोडणीवर येणारा ताण. निकलस आणि कोख या संशोधकांनी 1969 मध्ये नाकतोड्याच्या शुक्रपेशी तयार करणाऱ्या पेशींमध्ये, अर्धसूत्री विभाजन सुरू असताना, बारीक काचेच्या सुईने गुणसूत्रांच्या जोड्या हलवल्या. जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकाच ध्रुवाशी बांधली गेली, तर ती जोडणी टिकत नसे. पण सुईने विरुद्ध दिशेला ओढ देत राहिल्यास तीच चुकीची जोडणी टिकून राहत असे. यावरून दिसते, की पेशी ताणलेली जोडणी राखते आणि सैल जोडणी सोडून पुन्हा प्रयत्न करते. सैल जोडण्या सोडवण्याचे काम प्रामुख्याने ऑरोरा-बी हे विकर करते. ताण आला की कायनेटोकोअरचा बाहेरचा भाग त्याच्यापासून दूर खेचला जातो आणि जोडणी सुरक्षित राहते.

जिज्ञासा:
मनःपूर्वक आभार. एकच गुणसूत्र जोडले जायचे राहिले, तरी संपूर्ण विभाजन थांबते का?

पेशीअभ्यासक:
होय, बराच काळ थांबते. मोकळ्या कायनेटोकोअरपाशी मॅड-2 या प्रथिनाचे रोधक रूप तयार होते आणि ते विभाजन पुढे नेणारी यंत्रणा अडवून धरते. शेवटचे कायनेटोकोअर जोडले गेले की हा अडसर दूर होतो, सेपरेज हे विकर मोकळे होते आणि जुळ्या गुणसूत्रांना बांधणारी कोहेसिनची कडी तोडते. 1995 मध्ये रीडर या संशोधकांच्या प्रयोगशाळेने शेवटचे मोकळे कायनेटोकोअर लेसरने नष्ट केले, तेव्हा ते गुणसूत्र नीट जोडलेले नसतानाही पेशीने पश्चावस्था सुरू केली.

सूक्ष्मदर्शी:
म्हणूनच एक प्रकारची चूक या पहाऱ्यातून सहज निसटते: एकच कायनेटोकोअर दोन्ही ध्रुवांच्या तंतूंनी पकडले, तर ते ‘जोडलेले’ही असते आणि ताणलेलेही. अशी गुणसूत्रे पश्चावस्थेत मध्येच रेंगाळताना दिसतात.